शनिवारचा हप्ता

"आधीच सांगतो, कार्ड चालणार नाही."

दार उघडल्यावर तो माझ्याशी बोलला ते हे पहिलं वाक्य. पापण्यांवर बर्फ, खांद्यावर अवजारांची पिशवी, आणि ओळखपाळख काही नाही!

"आत तरी या," मी म्हटलं. "बॉयलर बघायच्या आधीच वसुली?"

"धंदा काकांचा आहे. ते म्हणतात, सांगून ठेवावं. मागच्या आठवड्यात एका बाईंनी काम झाल्यावर कार्ड पुढे केलं. मी काय ते दातात धरू?"

मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं, म्हणून ते चेहऱ्यावर नीट बसेना.

अमेरिकेतल्या आमच्या न्यू बेडफर्डमध्ये त्या जानेवारीत समुद्राच्या काठालासुद्धा बर्फ धरला होता. त्यात घर तापवणारा बॉयलर बंद पडला. कार्ड घेणाऱ्या मोठ्या दुरुस्ती कंपन्या सोमवारपर्यंत फिरकणार नव्हत्या, आणि आईकडे तेवढा वेळ असेल याची खात्री नव्हती. डॉक्टरांनी हात टेकले होते. 'मला माझ्या घरात मरू दे' एवढंच तिने माझ्याकडे मागितलं होतं. तिची खाट बैठकीच्या खोलीत, खिडकीशी लावली होती. तिच्यासाठी मी मासळी कंपनीच्या ऑफिसातून बिनपगारी रजा घेतली, तेव्हापासून घर कार्डावरच चाललं होतं. दूध कार्डावर, औषधं कार्डावर. कार्डावर रोकड उचलायची सोयही केव्हाच संपली होती. तरी त्याला म्हटलं, "करा तुम्ही काम. पैशांचं बघते मी."

तो दोन पावलं आत आला आणि थबकला. "ही ऊब कुठून येतेय?"

"वरचा ओव्हन लावलाय. आईला थंडी…"

"ओव्हनने घर तापवतात का? त्याच्या विषारी वायूने दोघी झोपेतच जाल!" त्याने स्वतःच जाऊन ओव्हन बंद केला. मग त्या चकाकणाऱ्या स्वयंपाकघराकडे बघत राहिला. "हे कधी वापरलंय तरी का?"

"तुमच्या घरी वापरतात वरचं?"

"छे! आई तिथे उभंसुद्धा राहू देत नाही."

आमच्या पोर्तुगीज घरांची ही रीतच आहे. वरचं स्वयंपाकघर पाहुण्यांनी बघायचं आणि रांधायचं तळघरात. दोघंही हसलो. त्याचं नाव दुआर्ते.

तळघरात बॉयलर आणि आमची रोजची शेगडी शेजारी शेजारी. तो बॉयलरमध्ये डोकं घालून बसला, मी केल नावाच्या पालेभाजीचं सूप ढवळत राहिले.

"लसूण कमी पडलाय," तो आतूनच म्हणाला.

"तुम्ही पंप बघा हो!"

"पंप मेलाय. सूप अजून वाचू शकेल."

मी चमचा उगारला… त्याने मान वर केली… आणि उगाचच दोघांनी नजर दुसरीकडे वळवली. मी लसूण घातला. कमीच पडला होता.

त्याने जुनाच एक पंप तात्पुरता जोडला. भिंतीतले पाइप टकटक करू लागले आणि वरून आईची हाक आली.

"फिना! त्याला पैसे दिलेस?"

मी वर गेले. आई हळूच म्हणाली, "तुझ्याकडे नाहीत, माहितीये मला. वरच्या ओव्हनच्या खालच्या कप्प्यात बघ. माझ्या अंत्यविधीसाठी साठवलेत. त्यातले दे."

"ओव्हनमध्ये, आई?"

"त्याला कोण हात लावतंय? बँकेपेक्षा बरा."

 सकाळी ओव्हन लावल्यावर आलेला तो जळका वास… मला वाटलं होतं, वर्षानुवर्षांची धूळ जळतेय.

कप्पा ओढला. आत काळ्या पडलेल्या, कडा वळलेल्या गड्ड्या. मी फरशीवरच बसले. दुआर्ते तळघरातून वर येऊन मागे उभा होता. त्याने वाकून एक गड्डी उचलायचा प्रयत्न केला आणि बोटांतून नुसती राख पडली. त्याने कप्पा बंद केला आणि बैठकीत गेला.

"मिळाले, दोना ओलिंदा. चोख मिळाले," तो आईला आदराने म्हणाला.

"बरं झालं, पोरा," आई म्हणाली.

दारात मी त्याला म्हटलं, "मी सगळे फेडीन."

"फेडाल हो. पळून कुठे जाताय?" मग माझ्याकडे बघून थोडा अडखळला. "तुमच्या… गालाला राख लागलीये." त्याचा हात वर आला, मध्येच थांबला, आणि त्याने खिशातला रुमाल माझ्या हातात दिला.

मंगळवारी तो नवा पंप घेऊन आला. काम संपवून तो आईशी बोलत बसला होता आणि मी सुपाचा वाडगा घेऊन तळघरातून वर येत होते. आईचा आवाज ऐकला आणि जिन्यातच थांबले.

"खोटं बोलता येत नाही रे तुला. जळलेले पैसे ना? मरतेय मी, पण नाक शाबूत आहे माझं. फिनाला सांगू नकोस मला कळलंय ते. आधीच खचलीये पोर."

"नाही सांगणार."

"आणि ऐक. ती एकदम सगळे द्यायला आली तरी घेऊ नकोस. दर शनिवारी थोडे थोडे घे. माझ्यामागे ती दार लावून बसेल. तिची बेल वाजवायला कुणीतरी हवं."

वाडगा कलला. गरम सूप अंगठ्यावर सांडलं तरी मी हलले नाही. मग मोठ्याने खोकले आणि आत गेले. तिघांपैकी कुणीच काही दाखवलं नाही.

आई फेब्रुवारीत गेली. सकाळची वेळ होती, घर उबदार होतं, तिचा हात माझ्या हातात होता. अंत्ययात्रेत तिला हवा होता तो बँड मात्र तिच्या मागून चालला नाही. तेवढे पैसेच उरले नव्हते, आणि ते माझ्या हातून गेले होते. दुआर्ते चर्चमध्ये शेवटच्या रांगेत उभा होता. मी तिथे रडले नाही. घरी येऊन रिकामी खाट बघितली आणि ओरडून रडले.

त्या शनिवारी बेल वाजली. उघडायचं नव्हतं मला. पुन्हा वाजली.

"हप्ता," तो म्हणाला, टोपी हातात धरून.

मी वीस डॉलरची नोट दिली. तो कॉफीला थांबला. मग दर शनिवारी थांबू लागला. आई कशी रागवायची, कशी हसायची, हे मी सांगायचे. आई त्याच्याशी काय बोलली, ते 'नाक शाबूत आहे' तेवढं सोडून तो सांगायचा. कधी मी बोलता बोलता रडायला लागायचे. तो काही समजूत घालायचा नाही, नुसता बसून राहायचा. अहो-जाहो कधी गळून पडलं, कळलंच नाही.

मे महिन्यात शेवटची नोट त्याच्या हातात ठेवली. तो ती उलटीपालटी करत राहिला.

"फिना, एक सांगू? काकांना पैसे मी दुसऱ्याच दिवशी दिले होते. माझ्या खिशातून."

"आणि माझा पगार मार्चपासून सुरू झालाय. सगळे एकदम देता आले असते."

"मग दिले का नाहीस?"

"जिन्यात उभी होते मी. ऐकलं होतं सगळं."

त्याचा चेहरा उतरला. "म्हणजे आईचा शब्द म्हणून मला येऊ देत होतीस…"

"आधी त्यासाठीच. नंतर नाही." माझा आवाज कापत होता, कापू दिला. "आता शुक्रवारपासूनच मला बेल ऐकू यायला लागते, दुआर्ते. तू मला आवडतोस."

तो उठला, माझ्याजवळ आला आणि त्याने माझा हात आपल्या गालाला लावला. गाल ओला होता.

"मी त्या सुपापासूनच… पण आता हप्ता संपला," तो म्हणाला. "पुढच्या शनिवारी काय म्हणून येऊ?"

"काही म्हणू नकोस. नुसता ये. आईचं ते बोलणं ऐकलेलं माझ्याशिवाय जगात दुसरं एकच माणूस आहे रे… तू."