मापाडीच्या पिशवीतल्या पाच शेवंडी

"आज मापाडीची पिशवी उघडून बघा." एवढं बोलून फोन बंद झाला. आवाज तोंडावर रुमाल धरून बोलल्यासारखा होता.

मासेमारी खात्याच्या निरीक्षकबाई खिडकीशी गेल्या. बोटी आत्ता कुठे धक्क्यावरून सुटत होत्या.

बाईंनी कपाळावर हात मारून घेतला. या बंदरात शेवंडी, म्हणजे लॉब्स्टर, धरणारे पाणबुडे ढिगाने आणि नियम पाळणारा म्हणाल तर एक. तक्रार यावी तीही त्याचीच! हा गडी खाली, बिळाच्या तोंडाशीच, प्रत्येक शेवंडीला खाच असलेलं माप लावायचा. डोळ्यांच्या मधून पाठीच्या ढालीच्या कडेपर्यंत. ढाल मापाच्या खाचेत मावली की शेवंड लहान, तिथल्या तिथे सोडायची. मापात मावली नाही तरच पिशवीत. पोटाशी अंडी दिसली तर हा हातसुद्धा लावत नसे. म्हणून लोकांनी त्याचं नाव मापाडी ठेवलं होतं आणि येताजाता टर उडवायचे ती वेगळीच.

दुपारी त्याची बोट लागली. बाईंनी पिशवी रिकामी केली, आपलं माप काढलं, आणि त्यांचं डोकंच फिरलं. पाच शेवंडी लहान होत्या.

पाच म्हणजे परवाना रद्द, तोही कायमचा. निरीक्षकाने सूट द्यायची म्हटली तरी देता येत नाही.

"तुमचं माप बघू."

मापाडी नुसता बघत राहिला. त्याच्या अंगावरून पाणी निथळत होतं, ते थेट बाईंच्या बुटांत.

"अहो, माप! माप द्या!"

"हां, हां," म्हणत त्याने उजवा कान पुढे केला.

तेवढ्यात त्याच्या बायकोने सामानातून दोरीला बांधलेलं पितळी माप काढून दिलं. बोटीवर ही दोघंच असायची. नवरा पाण्यात, इंजिन आणि सामान बायकोकडे. आत्ता तिचा चेहरा पार उतरला होता. अंगातलं जाकीट कोरडं होतं, फक्त एका खिशाभोवती ओलं झालेलं. पिशवी ओढताना झालं असेल, असं बाईंना वाटलं.

दोन्ही मापं शेजारी धरली. तंतोतंत सारखी. बाईंनी त्याचं माप दोरीसकट आपल्या सदऱ्याच्या खिशात टाकलं.

मागून दुसरी बोट लागत होती. तिच्यावरून झपाट्या ओरडला, "अरे वा! मापाडीपण घसरला का?" हा झपाट्या, माप न लावताच शेवंडी उचलणारा पाणबुडा, म्हणजे बाईंच्या डोक्याला कायमचा ताप.

कचेरीत आधी मापाडीला बसवलं.

"पिशवी तुम्ही कुणाच्या हातात दिली?"

"सकाळी? सकाळी चहा घेतला."

"अहो, पिशवी! पिशवी!" बाईंचा घसा बसायची वेळ आली.

"बायकोच्या. खालूनच सगळं वर देतो. पिशवी, माप, हातमोजे. मग मी चढतो."

"प्रत्येक शेवंड मापली होती?"

"प्रत्येक."

"मग नुसत्या नजरेला लहान वाटल्या नाहीत?"

"मॅडम, डोळ्यांवरच्या काचेतून पाण्यात सगळंच मोठं दिसतं. डोळ्यांचं ऐकायचं नाही, मापाचं ऐकायचं. तुम्हीच शिकवलंय." त्याने खिशातला परवाना चाचपला. "मला दुसरं काही येत नाही हो."

तो उठला आणि टेबलाची कड घट्ट धरून क्षणभर तसाच उभा राहिला.

मग झपाट्या आला.

"सकाळी त्यांच्या बोटीवर गेला होता?"

"गेलो होतो, चहा प्यायला. त्याचाही परवाना लागतो का?"

"सामानाला हात लावला?"

"लावला असेल. पण माझी बोट त्याच्यामागून आली. मी काय पाण्याखालून येऊन त्याची पिशवी भरली?"

बाईंना त्याचं तोंड बंद करावंसं वाटलं, पण म्हणत होता ते खरं होतं. साहेबांचा दोनदा फोन येऊन गेला होता, "संपवा की एकदाचं." कसं संपवायचं? चिडून त्यांनी पाचही शेवंडी पुन्हा मापल्या. पाचही नखाच्या जाडीएवढ्याच लहान. नियम मोडणारा माणूस काय नखं मोजून मोडतो?

पायांत बूट पचपच करत होते. बाईंनी मापासाठी खिशात हात घातला आणि तिथेच थांबल्या. खिसा अगदी कोरडा होता.

त्यांनी तिघांना आत बोलावलं.

"हे माप आज पाण्यात गेलंच नाही," बाई म्हणाल्या. "याची दोरी कोरडी आहे. पाण्यातून वर आलेलं बाकी सगळं निथळत होतं. म्हणजे खाली दुसरं माप होतं, खाच दाबून थोडी अरुंद केलेलं. त्यात लहान शेवंडही मावत नाही, म्हणून ती मोठी ठरते, पण नखभरच. यांनी इमानाने मापलं आणि इमानानेच फसले. माप सकाळी कुणालाही बदलता आलं असतं."

"मी नाही हां!" झपाट्या म्हणाला.

"तुम्ही नाहीच. वर आल्यावर खरं माप परत ठेवायला त्याच बोटीवर असावं लागतं. आणि मला फोन आला तेव्हा बोटी सुटतच होत्या. कुणी पाण्यात उतरायच्या आधीच पिशवीत काय निघणार, हे त्या माणसाला माहीत होतं." त्या मापाडीच्या बायकोकडे वळल्या. "ताई, जाकिटाचा खिसा रिकामा करता?"

तिने आढेवेढे घेतले नाहीत. ओल्या दोरीचं माप टेबलावर ठेवलं.

"तू?" मापाडी म्हणाला. "अगं, पण का?"

"यांचा डावा कान गेलाय, मॅडम," ती बाईंनाच म्हणाली. "उशीला रक्त लागतं. उभं राहिलं की तोल जातो. परवा खाली गरगरलं, तर किती वेळ वरच आले नाहीत. मी बोटीत नुसती पाण्याकडे बघत बसलेले. भांडले, रडले, हातापाया पडले. माझं ऐकत नाहीत. हा माणूस फक्त नियमाचं ऐकतो. मग नियमालाच सांगायला लावलं."



एकच प्रश्न तीनतीनदा का विचारावा लागत होता, ते आता बाईंना कळलं. स्वतःचाच त्यांना राग आला. "आता मी गुन्हा कुणावर लिहू?" त्या वैतागून म्हणाल्या. "आणि अहो, कान दुखावलेल्या माणसाने पाण्यात उतरायचं नाही, हाही नियमच आहे. तो नाही का वाचला?"

मापाडीने या वेळी पहिल्या झटक्यात ऐकलं.

"पाठ आहे मला तो," तो खाली मान घालून म्हणाला. "तेवढा एकच पाळला नाही."

त्याने पाचही शेवंडी टोपलीत घेतल्या, अजून जिवंत होत्या. धक्क्याच्या पायऱ्यांवर बसून खऱ्या मापाने एकेक पुन्हा मापली आणि पाण्यात सोडली. मग खिशातला परवाना काढून बाईंच्या हातात दिला.

उठताना त्याचा तोल गेला. बायकोने हात पुढे केला, आणि पहिल्यांदाच त्याने तो धरला.