सिझर लिफ्टखालून आलेलं उत्तर

पटलं नाही तर सोडून द्या, पण हे घडलंय. झीफाने स्वतः मला सांगितलं, आणि ती बाई चेष्टेतसुद्धा खोटं बोलत नाही. टेमा बंदराजवळच्या कोकोच्या गोदामात आम्ही दोघं कामाला. ईस्टरनंतरचा शनिवार होता. भर दुपार.

तिथली सिझर लिफ्ट झीफा चालवायची. खाली तेलाचा दट्ट्या असतो. तो रेटा देतो, लोखंडी पाय कैचीसारखे उघडतात, वरच्या फळीवरचा माणूस पार छताच्या दिव्यांपर्यंत जातो. तेल सोडलं की पाय मिटतात.

मधे कोण आहे, ते पायांना कळत नाही.

दातांतून शीळ घालत काम करणारा अग्बेको मेकॅनिक आदल्या साली त्यातच चिरडला. मालकाने लिफ्ट धुतली, रंगवली, परत कामाला लावली. तेव्हापासून आम्ही एक रीत पाळायचो. खाली घेण्याआधी आतल्याला नावाने विचारायचं. तो ‘बाहेर आलो’ म्हणाला, तरच बटण.

त्या दिवशी तेल गळत होतं. झीफाचा धाकटा भाऊ सेलोर्म टेकूची दांडी लावून पायांमध्ये शिरला. झीफा पलीकडे बटणांपाशी. मधे पोत्यांची थप्पी, त्यामुळे तो तिला दिसत नव्हता.

"ताई, डुलकी काढू नकोस. माझं लग्न व्हायचंय अजून."

"तुला कोण मुलगी देतंय रे?"

काम झालं. सेलोर्मने टेकू काढला. पण पाना आतच राहिला, म्हणून तो परत आत वाकला. हे आम्हाला नंतर कळलं.

तेवढ्यात छतावरची कबुतरं गप्प झाली... सगळी एकदम.

मग आतून शीळ आली... बारीक, दातांतून.

सेलोर्मला शीळ घालता येत नव्हती. झीफाच्या तेव्हा ध्यानात आलं नाही.

"सेलोर्म, आलास का बाहेर?"

"बाहेर आलो. घे खाली."

त्याचाच आवाज.

तिने बटण दाबलं.

आधी हाडं वाजली... वाळकं लाकूड मोडावं तशी. मग किंकाळी.

झीफाने बोट उचललं.

पाय थांबले नाहीत.

लिफ्ट वर न्यायचं बटण तिने मुठीने ठोकलं. पाय मिटतच गेले. रक्त आणि तेल एक होऊन तिच्या चपलांखाली आलं.

कोर्कू हमाल समोरच्या दारात मक्याची केंकी खात बसला होता. तो पहार घेऊन धावला. लिफ्टचे पाय फाकवून सेलोर्मला बाहेर ओढला. छाती चेपली होती. एक हात आतच राहिला.

"ताई... मी कुठं काय बोललो होतो?"

एवढंच बोलला. गेला.

मयतीनंतर कोर्कू झीफाला टाळायला लागला. शेवटी तिने त्याला बाजारात गाठलं. म्हणाली, तू समोरच होतास, ‘बाहेर आलो’ हे तू तरी ऐकलंस ना?

कोर्कूने डोक्यावरचं ओझं खाली ठेवलं.

"ऐकलं. आवाज त्याचाच होता."

"मग?"

"तोंड तुझं हलत होतं, झीफाताई."

झीफा आता मिरच्या विकते. कोणाला काही विचारत नाही.

मी रोज तिच्याकडूनच मिरच्या घेतो. पण मीही तिला काही विचारत नाही.

उत्तर कोण देईल, काय सांगावं...