बिनटोकाची गोष्ट

कापसाच्या भावानं घराघरात तोंडं उतरली होती, त्या सालची ही गोष्ट. मारेगावच्या रुपालीला तिच्या भावानं, अश्वजितनं, स्वतः काढलेलं चित्र पाठवलं. अश्वजित कॉलेजात गणित शिकवायचा अन् सुट्टीत रंग कालवायचा. चित्रं अशी, की बघणाऱ्यानं नुसतं डोकं खाजवावं. हे मात्र समजण्यासारखं होतं. कागदाच्या पट्टीला अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली, की तिला आत-बाहेर उरत नाही. मुंगी चालायला लागली तर बिचारी चालतच राहते. तशी एक काळी पट्टी, अन् तिच्यावर पांढऱ्या बारीक अक्षरांत त्यांच्या आजीची जुनी गोष्ट.

दिवेलागणीला लाइट गेली. रोजचंच होतं ते. रुपालीनं कंदील लावला, चित्र भिंतीला टेकवलं अन् धाकट्या लेकीला, खुशीला, मांडीवर घेऊन वाचायला बसली. आपल्याकडे ऐकणाऱ्यानं हुंकारा द्यायचा असतो, नाहीतर सांगणाऱ्याला पुढं सरकवत नाही. खुशी त्यात भलती पटाईत.

एक बाई कापूस वेचायला गेली. हं. लेकरू धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, झोळीत ठेवलं. हं. वेचता वेचता धुरा काही सापडेना, बाई लेकराला हाका मारत चालतच राहिली. हं. अन् पट्टी वळली... एक बाई कापूस वेचायला गेली.

पुन्हा पहिलंच वाक्य आलं तशी रुपाली हसली अन् थांबली.

खुशी थांबली नाही. चित्राकडं बघत ती म्हणाली, "हं." जरा वेळानं पुन्हा, "हं."

रुपालीला वाटलं, खेळतेय पोरगी. पण मधली शांतता बरोबर एकेका वाक्याएवढी होती. कोण सांगतंय गं, तिनं हळूच विचारलं.

"थे बाई... सांगून राह्यली."

रुपालीनं चित्रावर चादर टाकली. हुंकारा चालूच. पोरीच्या तोंडावर हात ठेवला, तर तो तळहाताखालून येऊ लागला. रुपालीनं सासूला हाक मारली. रुखमाबाई चुलीपासून उठून आली अन् नातीचे डोळे निरखून बघू लागली.

"हुंकारा घेतलेली गोष्ट अर्धी ठेवली त थे सोडत नाही..." ती पुटपुटली. "शेवट करून टाक वं. कसाबी कर."

कसाही! घाबरलेल्या आईला शेवट सुचून सुचून कोणता सुचणार? रुपालीनं डोळे गच्च मिटले अन् एका दमात सांगून टाकलं.

"बाईले धुरा सापडला... तिनं आपलं लेकरू कडेवर घेतलं... न् घरी गेली."

"हं," खुशी म्हणाली.

अन् रुपालीच्या मांडीवरचं वजन हलकं झालं, कोणी जपून उचलून घ्यावं तसं.

तिनं डोळे उघडले. मांडी रिकामी होती, अजून कोमट. रुखमाबाई नुसती दाराकडं बोट दाखवत होती. दाराची कडी आतून लागलेली होती. रुपालीनं ती ओरबाडून काढली अन् खुशीच्या नावानं हाका मारत अंधारात धावली.

रस्त्यावर कोणी नव्हतं. हुंकारा तेवढा पुढं पुढं जात होता, कडेवरच्या लेकराच्या उंचीवरून. अन् आता मधल्या शांततेत एका बाईचा मायाळू आवाजही ऐकू येत होता.

"एक बाई आपल्या लेकीले गोष्ट सांगत बसली व्हती..."

"हं."