चहा थांबेपर्यंत

त्या सकाळी देवरूखात अशी थंडी होती, की बाबांनी जीपच्या काचेवरचं दंव कानटोपी काढून तिनेच पुसलं. मग आत बसून चावी अर्धी फिरवली. हीटरचा पिवळा दिवा लागला, विझला, आणि जुनं डिझेल इंजिन खोकत खोकत सुरू झालं.

बाबांनी माझ्या हातातला चहा घेतला, दोन घोट प्यायले आणि कप बॉनेटवर ठेवला. कपातला चहा थरथरत होता. तो थरथरायचा थांबला, की इंजिन गरम झालं असं समजायचं आणि मगच गिअर टाकायचा, हा त्यांचा नेम. तोवर मी शेजारच्या सीटवर पुस्तक उघडून बसायची. मी शिकवते त्या शाळेपर्यंत ते मला रोज सोडत.

"काका, वरच्या वाडीपर्यंत सोडाल का?"

फाटकाशी एक उंच माणूस उभा होता. मफलरमधून फक्त नाक आणि चष्मा दिसत होता. मागे रस्त्याच्या कडेला मोटरसायकल. आमच्या आळीत गुरांचे नवे डॉक्टर राहायला आलेत, साताऱ्याकडचे, एवढं मी ऐकलं होतं.

"थंडीत सुरूच होत नाहीये," ते म्हणाले. "आणि आज वाडीत लसीकरण आहे."

"बसा की. च्या थांबला की निघू."

"काय थांबला की?"

बाबांनी कपाकडे बोट केलं. डॉक्टरांनी वाकून कपात पाहिलं. "काका, इतका वेळ गरम करायला लागत नाही इंजिन. अर्धं मिनिट पुरतं. मी वाचलंय."

"मग ती वाचलेली जीप घेऊन जावा. ही माझी हाय."

मला हसू आवरलं नाही. चष्म्यामागचे डोळे माझ्याकडे वळले, माझ्या पुस्तकाकडे गेले… आणि परत आले.

"तुम्ही हसताय, म्हणजे तुम्हीही वाचलेलं दिसतंय."

"मी वाचते. पण घरात बोलत नाही."

"बाय, डाक्टराला च्या दे गो," बाबा म्हणाले. "हा थांबतोय तवर त्यांचा पिऊन व्हईल."

बाकी दिवस नेहमीसारखाच गेला. संध्याकाळी बाबांनी बांगडे तळले. मीठ जरा जास्त झालं होतं. जेवताना म्हणाले, "डाक्टर बरा वाटला. वाद घालतो, पण थांबतो." मी ताटातून वर पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी पहाटे बाबा उठले नाहीत.

बाबा मुंबईत टॅक्सी चालवायचे तेव्हाची गोष्ट. सुट्टी संपली, की बॅग घेऊन अंगणातून निघायचे. मी तोंड उघडायच्या आत आई माझ्या ओठांवर हात ठेवायची. जाणाऱ्या माणसाला मागून हाक मारायची नाही. मारलीच, तर त्याला परत येऊन बसावं लागतं, पाणी प्यावं लागतं, आणि तोवर त्याची गाडी चुकते. आमच्या गावातल्या सगळ्या पोरी अशाच गप्प उभ्या राहून बापाची पाठ बघायला शिकल्या. आई गेली तेव्हा बाबा कायमचे गावी आले. आता 'थांबा' म्हणायची कधी गरज पडणार नाही, असं मला वाटलं होतं.

बाबा गेल्यावर जीप अंगणात उभीच राहिली. चालवता येत असूनही मी एसटीने शाळेत जाऊ लागले. एका सकाळी फाटक वाजलं.

"मी यशोधन," डॉक्टर म्हणाले, जणू मला नाव माहीतच नव्हतं. "डिझेल गाडी अशी उभी ठेवली की बॅटरी बसते. सुरू करून देऊ?"

मी चावी दिली. त्यांनी ती अर्धी फिरवली, दिवा विझायची वाट पाहिली. इंजिन खोकलं, अडलं, पुन्हा खोकलं… आणि लागलं. मला वाटलं, आता उतरतील. ते उतरले, पण गेले नाहीत. बॉनेटपाशी उभे राहून हात चोळत म्हणाले,

"कप कुठाय?"

"अर्धं मिनिट पुरतं ना?"

"ते दुसऱ्या जीपला."

मी आत गेले. चहा उकळेपर्यंत ओट्यापाशी उभी राहून रडले. बऱ्याच दिवसांनी. बाहेर कप नेला तेव्हा त्यांनी माझ्या तोंडाकडे पाहिलं नाही, चहाकडेच पाहत राहिले. त्याबद्दल मी त्यांची फार ऋणी आहे.

मग ते रोज येऊ लागले. चहा थांबला की मी जीप चालवायची, ते शेजारी, मांडीवर लशींची पेटी. वाटेत म्हशींच्या गोष्टी सांगायचे. एक म्हैस म्हणे त्यांचा मफलर अर्धा खाऊन बसली होती. खरं वाटत नव्हतं, पण मफलर खरोखरच आखूड झाला होता.

"तुमची मोटरसायकल नीट का करून घेत नाही?" मी एकदा विचारलं.

"थंडीचं दुखणं आहे तिचं."

"काल दुपारी बाजारात फिरत होतात की तिच्यावरून."

"दुपारी बरी असते." मांडीवरची पेटी सरळ करत म्हणाले, "सकाळीच तिला एकटं जाववत नाही."

मी गिअर बदलला. बदलायची गरज नव्हती.

आंब्याला मोहोर आला आणि त्यांची बदली नंदुरबारला झाली. सांगायला आले तेव्हा मी म्हटलं, "बरं झालं. मोठा दवाखाना असेल." त्यांनी मान हलवली. आणखी काही ऐकायला मिळेल म्हणून अंमळ उभे राहिले, आणि गेले.

निघायच्या सकाळी मोटरसायकलला बॅग बांधून ते फाटकातून आत आले. जीप सुरू होती. कप बॉनेटवर होता.

"निघतो," ते म्हणाले. "हिला उभी ठेवू नका. आणि… पुस्तक मिटून मधून मधून बोलत जा कुणाशी तरी."

"हो."

"येतो मग."

ते वळले. पाठीवर आखूड मफलराचं एक टोक हलत होतं. अंगण, तुळस, फाटक. मी कप उचलून हातात घेतला. आईचा तळवा ओठांवर जाणवला, अगदी तसाच, राखेच्या वासाचा. त्यांनी कडी काढली.

"थांबा."

ते वळले. "मागून हाक मारलीत?"

"मारली."

"आता?"

"आता परत येऊन बसायचं असतं. थोडा वेळ."

"किती वेळ?"

"चहा थांबेपर्यंत."

ते जवळ आले, कपात डोकावले. "हा तर बॉनेटवर नाहीये. तुमच्या हातात आहे."

चहा काठापर्यंत हिंदकळत होता. मी कप दोन्ही हातांनी धरला, तरी तो थांबेना.

"सोमवारी हजर व्हायचंय मला," ते हळूच म्हणाले.

"व्हा ना. तुम्हाला अडवत नाहीये मी. पण जिथे जाल तिथून परत या," मी म्हटलं. आणि मग, आमच्या घरात कुणीच कुणाला कधी न म्हटलेलं, बाबांनाही मी कधी न म्हटलेलं, मोठ्याने म्हटलं, "मला तुम्ही हवे आहात."