हिरव्या चौकड्यांचा दुसरा शर्ट

"बस की रे आता! सकाळपासून नुसत्या येरझाऱ्या... जमीन झिजवतोस की काय!"

ताई ओरडली खरी, पण तिचं स्वतःचं तरी मन कुठं थाऱ्यावर होतं? आठ वर्षांनी तुरुंगातून सुटून भाऊ घरी आला होता. तिनं भिंती रंगवल्या होत्या, अंदाजाच्या मापानं दोन नवे शर्ट शिवून ठेवले होते, आणि हा बारक्या, ज्याचं नुसतं नाव ऐकून एकेकाळी बाजारातली दुकानं धडाधड बंद व्हायची, तो ताटातलं चिवडून उठला होता आणि फाटक्या पुठ्ठ्याचं बायबल छातीशी धरून दारापासून खिडकीपर्यंत फिरत होता. खिडकीतून समोरच्या इस्त्रीवाल्या काकूंचं टेबल दिसायचं. तिथं पोचला की तो झटकन मागं वळायचा. ते पाहून ताई शिवणयंत्रापुढच्या स्टुलावर आणखीच घट्ट बसली.

"ताई, मला पोलीस ठाण्यात जायचंय. त्या खुनाचं सांगायला."

नऊ वर्षांपूर्वी बसथांब्यावर एकाला भोसकून पळणाऱ्याची लोकांना नुसती पाठ दिसली होती... हिरव्या चौकड्यांचा शर्ट! तसा शर्ट काकूंच्या मुलाकडे सापडला. कोर्टानं शिवणारी म्हणून ताईलाच विचारलं, "या कापडाचे शर्ट किती शिवले?" आईबापांच्या माघारी ज्याला पोटच्या पोरासारखं वाढवलं, ज्याच्यापायी ठरलेलं लग्न मोडलं, त्या भावाकडे तिनं एकदा पाहिलं आणि म्हणाली, "एकच." काकूंच्या मुलाला जन्मठेप झाली. वर्षभरात बारक्याही दुसऱ्याच मारामारीत आत गेला. पापही केलं, आणि हाती धुपाटणं!

"देव भेटायला तुला तुरुंगच सापडला होय रे?" ती कडाडली. "इथं मी तुझ्यासाठी जिवाचं रान करत होते, तेव्हा कुठं गेला होता तुझा देव?"

"देव नंतर भेटला, ताई. आधी काकूंचा मुलगा भेटला."

ताईनं स्टुलाची कड धरली.

"आतल्या दवाखान्यात तो काम करतो. दुसऱ्या टोळीनं माझं पोट फाडलं, तेव्हा वीस दिवस त्यानं माझी घाण काढली गं! मी विचारलं, खून कुणी केला ते ठाऊक आहे ना तुला? म्हणाला, पहिल्या दिवसापासून. मी म्हटलं, मग दाब की उशी माझ्या तोंडावर! तर म्हणतो, 'दोनदा उचलली होती. पण स्वतःला खिळे ठोकणाऱ्यांसाठीच येशूनं क्षमा मागितली, ते वाचलंय ना... हात चालेना.' ताई, लहानपणानंतर मी त्या दिवशी रडलो. पुढं दर गुरुवारी पाद्री यायचे, त्यांच्याकडून बाप्तिस्मा घेतला. पण प्रार्थनेला गुडघे टेकले की तो शर्टच दिसतो!"

"मग तिथंच का नाही बोललास?"

"बोललो की तू खोटी ठरतेस, तुला शिक्षा होते. तुला वाचवायचं तर पुन्हा खोटं बोलावं लागतं, आणि ते आता माझ्याच्यानं होत नाही. दोन वर्षं नुसता तळमळतोय. तू नको म्हणालीस तर..."

"नकोच म्हणते मी! नको, नको, नको!"

ती तरातरा खिडकीशी गेली. समोर काकू मुलाचा जुना सदरा इस्त्री करत होत्या. दर आठवड्याला करायच्या, सुटला की घालायला म्हणून. आणि दर वर्षी तो ताईकडेच आणायच्या. "आता अंगानं भरला असेल गं, जरा शिवण सोड." आणि ही खालमानेनं सोडून द्यायची... कसलं दगडाचं हे अंतःकरण!

ताईनं कात्री घेतली, स्टुलाची गादी उसवली आणि कापसातून हिरव्या चौकड्या ओढून काढल्या.

"जाळला नव्हतास?" बारक्या पुढं झाला.

"आपल्या हातानं शिवलेला जाळवला नाही रे. नऊ वर्षं त्याच्यावर बसून लोकांचे कपडे शिवले, आणि एक दिवस सुखानं बसले नाही!"

शर्ट घेऊन ती तशीच रस्ता ओलांडून गेली. बारक्या मागोमाग.

"काय गं, एवढी धावत?" काकू हसल्या. मग ताईनं टेबलावर टाकलेला शर्ट त्यांनी पाहिला. "हा... हा तर पोलिसांनी नेला होता."

"तो त्याचा. हा आमच्या बारक्याचा. दोन शिवले होते, काकू... मी कोर्टात खोटं बोलले!"

काकूंनी शर्ट उलगडला. बाहीवर काळपट डाग होता. पुढच्याच क्षणी ताईच्या गालावर फाडकन चपराक बसली.

"माझ्याच लेकाच्या शिवणी सोडून देत होतीस, मेले! त्याच हातांनी!"

बारक्या उंबऱ्याशी गुडघ्यांवर कोसळला. काकूंनी त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्या भिंतीला टेकून रडल्या, पदरानं तोंड पुसलं आणि इस्त्रीचं बटण बंद केलं.

"माझा लेक सुटेल ना गं?"

"सुटेल, काकू. मी सगळं सांगते."

"तुला आत टाकतील."

"टाकू देत."

काकूंनी शर्टाची नीट घडी घालून काखेत धरली. दार ओढून घेताना त्यांची नजर ताईच्या पायांकडे गेली.

"अनवाणीच आलीस होय? जा, चपला घालून ये. ठाणं लांब आहे."