पाचवी साक्ष

चंद्राच्या दक्षिण ध्रुवावर बर्फखाणीची वसाहत होती. तिथे एकच शाळा होती आणि शाळेत एकच शिक्षिका, इंदुमती खरपुडे. पहिली ते सातवीची चौदा मुलं एकाच घुमटाखाली बसत. बाई चौथीच्या गणिताकडे वळल्या की सहावी-सातवीची चार मुलं खालच्या वर्गांना शिकवायला बसत. एकशिक्षकी शाळेची ही जुनी रीत पृथ्वीवरून चंद्रावर आली होती. कायद्यात मात्र तिचा पत्ता नव्हता.

परीक्षक निरंजन बोंद्रे पृथ्वीवरून आले ते बाईंचा परवाना तपासायला. त्यांनी छताला वाटीएवढा बोधमापक लावला.

"साहेब, हे काय करतं?" सातवीतल्या रेवाने विचारलं.

"मेंदूलहरींच्या समक्रमणाचं कालसापेक्ष मापन..."

मुलं जांभया देऊ लागली. बाई हळूच म्हणाल्या, "पहिलीतल्या चिमीकडे बघून सांगा, साहेब. तिला कळलं की सगळ्यांना कळलं."

बोंद्रे अडखळले. मग चिमीसमोर बसून त्यांनी टाळ्या वाजवायला सुरुवात केली. "माझ्याबरोबर वाजव." चिमी आधी मागे पडली, मग ताल जमला. "बघ, मी सांगितलेलं तुला कळतं, तेव्हा आपल्या मेंदूंचाही असाच ताल जमतो. हे यंत्र तो ताल ओळखतं आणि कुणामुळे कुणाला कळलं ते टिपून ठेवतं. पाठ एक असो वा शंभर, सरासरी साठ आली की तो माणूस शिक्षक. पदवी नको, वय नको, वशिला तर नकोच."

"तुमचे किती?" रेवाने विचारलं.

"तीनदा परीक्षा दिली. एकोणपन्नासच्या वर गेलो नाही," बोंद्रे ओशाळून हसले. "म्हणून तर परीक्षक झालो."

आठवड्याने बाईंचा मापांक आला. अडतीस.

इथंच घोडं पेंड खात होतं. बाई प्रश्न टाकून बाजूला होत आणि मुलांना उत्तर सापडे ते एकमेकांकडून. इतकी सुंदर शाळा बोंद्र्यांनी उभ्या जन्मात पाहिली नव्हती, पण आकडा तो आकडा.

"परवाना जाईल, बाई. शाळा बंद होईल. मुलांना आईबापांपासून दूर, पृथ्वीवरच्या वसतिगृहात पाठवावं लागेल."

बाईंचा चेहरा उतरला. बावीस वर्षं त्या इथे होत्या. तरी त्यांनी कपाटातून कायद्याचं पुस्तक काढलं. "कलम एकोणीस, शिक्षकाचे हक्क. पाच पात्र शिक्षकांनी 'ही व्यक्ती शिकवते' अशी साक्ष दिली, तर मापांक कितीही असो, परवाना टिकतो."

"अहो, पण चंद्रावर शिक्षक तुम्ही एकट्या! पाच आणणार कुठून?"

"तुमचं यंत्र माझाच मापांक टिपतं का?"

बोंद्र्यांनी पूर्ण यादी उघडली आणि ते चाटच पडले. रेवा, एक्क्याऐंशी. खालच्या वर्गांना शिकवणाऱ्या बाकीच्या तिघांपैकी एकही साठच्या खाली नव्हता. कायद्यातली वयाची अट मसुदा समितीत बसून बोंद्र्यांनीच खोडली होती. चारही मुलं पात्र शिक्षक होती.

"चार," बाई पुटपुटल्या. "एक कमी पडला." त्यांनी कायद्याचं पुस्तक मिटलं. चिमी त्यांना बिलगली.

"साहेब, यादी अजून खाली जातेय," रेवा म्हणाली.

शेवटची नोंद पहिल्या दिवसाची होती. एकच पाठ, टाळ्यांचा. मापांक त्रेसष्ट. शिकवणारा: निरंजन बोंद्रे.

त्यांनी ती ओळ दोनदा वाचली. डोळे भरून आले ते त्यांनी लपवले नाहीत. चार मुलांनी भरलेल्या साक्षपत्रांशेजारी बसून त्यांनी पाचवं घेतलं. व्यवसायाच्या रकान्यात सवयीने 'परीक्षक' लिहिलं, ते खोडलं आणि 'शिक्षक' लिहिलं.

खालचा रकाना होता: ही व्यक्ती शिकवते हे आपणांस कशावरून माहीत?

बोंद्र्यांनी लिहिलं, 'मला त्यांनीच शिकवलं.'