खालून झिजलेल्या पट्ट्या

ग्रँड पियानो दुरुस्त करायचा की भंगारात द्यायचा, हे सिंधूताईंनी ठरवायचं होतं. गेल्या वर्षी वारलेल्या वडिलांनी तो त्यांच्या नावे करून ठेवला होता. त्या चौदा वर्षांच्या असताना, लग्नाच्या पोरीला ही थेरं कशाला, म्हणून ज्याला कुलूप घातलं, तोच पियानो.

चिखलीच्या बंद जिनिंग कारखान्यामागचा, मॅनेजर असलेल्या वडिलांचा बंगला. टळटळीत दुपार, सरकीचा खवट वास. धाकट्या भावाला, शालिग्रामला, पियानो आपल्या मंगल कार्यालयात हवा होता, नवरा-नवरीच्या फोटोंसाठी. नागपूरहून प्रज्वल नावाचा कारागीर त्यानेच बोलावला होता.

तारा गंजून तुटल्या होत्या. पट्ट्या दाबल्या की नुसतं लाकूड ठकठकत होतं.

"नव्या तारा टाकल्या तर वाजन," प्रज्वल म्हणाला. मग एक पट्टी हलवून पाहिली. "पण याच्यावर रोज कोन बसते?"

"कोणीच नाही," सिंधूताई म्हणाल्या. "सत्तेचाळीस वर्षं कुलूप होतं."

त्याने एक पट्टी सुटी करून उलटी धरली. वरचं हस्तिदंत कोरं होतं. खालच्या लाकडात मात्र बोटाच्या टोकाएवढा गुळगुळीत खळगा. दुसरीलाही. तिसरीलाही.

"उंदरं असतीन बे," शालिग्राम हसला.

प्रज्वल हसला नाही. त्याने पट्ट्या परत बसवल्या.

सिंधूताईंनी त्यांवर हात ठेवला.

पट्ट्या खालून वर आल्या. एकेक बोट उचलत गेल्या, अंगठ्यापासून करंगळीपर्यंत, मग उलट. मिशन शाळेतल्या बाईंनी त्यांना लहानपणी शिकवलेला पहिला धडा. चौथ्या बोटाशी त्यांची नेहमीची चूक. थोडं थांबून पुन्हा पहिल्यापासून.

त्यांना रडू यायला हवं होतं. आला तो राग. आपण सासरी भाकरी थापल्या, शाळेत पोरांकडून पाढे घोकून घेतले. आणि ही चौदा वर्षांची सिंधू इथे निवांत शिकत बसली!

"टाकू का तारा, ताई?" प्रज्वलने हळूच विचारलं.

"नको."

"काऊन वं ताई?" शालिग्राम उखडला.

"नको म्हटलं ना. बाबांनी केलं ते बरोबरच होतं."

त्यांनी पट्ट्यांवरचं झाकण ओढलं. ते आतून हलकेच वर रेटलं जात होतं. त्यांनी कोपराने दाबून धरलं.

किल्ली फिरवली.

दुसऱ्या दिवशी त्या पेन्शनसाठी हयातीचा दाखला काढायला सेवा केंद्रात गेल्या. मशीन अंगठा घेईना. तिथल्या पूनमने तो ओढणीने पुसून पाहिला. मग दुसरा. मग आठही बोटं.

शेवटी तिने त्यांचा हात उजेडात धरला. बोटांची टोकं गुळगुळीत होती.

"काकू," ती म्हणाली, "तुमच्या बोटाईले रेषाच नाहीत."